कंडक्टर आईवरची विनोदी मालिका: पहिल्या वाचनाला निम्मे हसले, निम्मे गप्प बसले. दुरुस्ती सुचवा

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. आमच्या गटानं एका विनोदी मालिकेचा पहिला भाग लिहिलाय, २२ मिनिटांचा. नायिका मंदा परभणी आगारात वाहक आहे आणि परभणी-गंगाखेड फेऱ्या करते. थोरला मुलगा आठ वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच ड्युटीवर आलीय. नवरा मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम, घरात सासू. काळ मार्च-एप्रिलचा, शाळा सकाळची. कथा एवढीच की आठ दिवसांनी नळाला पाणी यायचा दिवस आणि मंदाची सकाळची ६:१० ची गाडी एकाच दिवशी आली.

वाचनाला पंचवीस-तीस जण होते. मंदा पोराचा डबा विसरते त्यावर कॉलेजची पोरं खळखळून हसली, नोकरी करणाऱ्या बायका मात्र एकदम गप्प झाल्या. सासूच्या टोमण्यांना वयस्कर बायकांनी दाद दिली, तरण्या सुनांनी नाही. एसटीत नोकरी केलेले म्हणाले, ही बाई कंडक्टर वाटत नाही. लातूरकडच्यांनी भाषेवर बोट ठेवलं. शेवटी मंदा चक्कर येऊन पडते आणि घरचे "तू तर साक्षात दुर्गा" म्हणतात, तिथं टाळ्या पडल्या, पण कुणी हसलं नाही.

चांगलं-वाईट असं मत नकोय. कुठला प्रसंग का पडला आणि तो कसा उभा करायचा, तेवढं नेमकं सांगा.

संहितेची कात्री (छत्रपती संभाजीनगर)

डब्याचा प्रसंग आधी घेते, कारण तुमच्या भागाचा काटा तिथंच वाकडा झालाय. विनोदाचा आधार काय? "आई असून विसरली." हे वाक्य नोकरी करणारी बाई बाहेर रोज ऐकते. तिला ते पडद्यावर ऐकवून हसू येणार नाही. कॉलेजची पोरं हसली, कारण त्यांनी डबा खाल्लाय, भरलेला नाही.

प्रसंग काढू नका, कारण बदला. डबा विसरायचा नाही, डबे बदलायचे. मंदा पहाटे तीन डबे भरते, तिन्ही स्टीलचे, एकाच मापाचे. ओट्यावर रांगेत ठेवते, तेवढ्यात लाईट जाते आणि नळ येतो. अंधारात ज्याच्या हाताला जो लागला तो त्यानं उचलला. पोराला मंदाचा गेला: ज्वारीची भाकरी आणि ठेचा. मंदाला नवऱ्याचा. नवऱ्याला पोराचा, म्हणजे मोंढ्यात हमालांच्या घोळक्यात मुनीमजींनी डबा उघडला तर आत साखर-तूप लावलेली गुंडाळलेली पोळी आणि वर चिकटवलेली चिठ्ठी, "सगळं संपव, राजा." एका चुकीतून तीन ठिकाणी तीन प्रसंग मिळतात आणि हसू मंदाच्या आईपणावर न पडता गोंधळावर पडतं.

दुसरं, घड्याळ. पहिल्या दीड मिनिटात प्रेक्षकाला तीन आकडे कळले पाहिजेत: नळ सव्वापाचला येतो, गाडी ६:१० ला सुटते, आणि घरात १००० लिटरची टाकी व २०० लिटरचे तीन ड्रम भरायचे आहेत. अर्ध्या एचपीची टिल्लू मोटर आणि नळाला बरा जोर असला तर टाकीलाच पाऊण तास जातो. म्हणजे हाती पंचावन्न मिनिटं आणि काम सव्वा तासाचं. हा हिशोब आधी मांडलात की पुढं संवादात चुटके पेरावे लागत नाहीत, घड्याळाकडं नुसतं पाहिलं तरी लोक हसतात. शेजाऱ्यानंही मोटर लावली की तुमच्या नळाचा जोर पडतो. हे भांडण मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त टंचाईची टर उडवू नका. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते लोक विसरलेले नाहीत.

लांबीचं सांगते. वाहिन्यांना तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासात २४ मिनिटं उरतात. त्यातून शीर्षकगीत आणि झलक गेली की २२. पण वाचनात २२ भरलं असेल तर चित्रीकरणात २५ होणार. ड्रम सरकवणं, गाडीत चढउतार हे वाचताना कुणी मोजत नाही. वाचन १९ मिनिटांत बसवा. पाणी आणि गाडी हा मुख्य धागा १२ मिनिटांचा, डब्यांचा पाच-सहा, उरलेलं सासूचं. प्रसंग १४ ते १६, जास्त नको.

आणि चक्कर-दुर्गा पूर्ण काढा. घरच्यांनी ओवाळलं की त्यांचं देणं शब्दांत फिटतं आणि काम तिच्याच अंगावर राहतं. ते बायकांना लगेच कळतं, म्हणून टाळ्या पडल्या पण चेहरे सैल झाले नाहीत. शिवाय विनोदी मालिकेत अडचण पुढच्या आठवड्याला शिल्लक राहावी लागते. शेवट असा करा: संध्याकाळी मंदा घरी येते, तिन्ही ड्रम रिकामे. सासूनं घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्यात. तिचं म्हणणंही चूक नाही. पाणी आलंय तर गोधड्या आज नाही धुवायच्या तर कधी धुवायच्या?

दोन बेल (बीड)

कात्री ताईंचा हिशोब एका जागी दुरुस्त करतो. ६:१० ची गाडी म्हणजे ६:१० ला घरून निघणं नव्हे. वाहकाला गाडीच्या वेळेआधी आगारात हजर व्हावं लागतं. सही, तिकीट मशीन घेणं, ते चालू होतंय का बघणं, वेबिल म्हणजे फेरीच्या हिशोबाचा कागद घेणं, मग गाडी फलाटावर. मंदा पावणेसहाला आगारात पाहिजे. तुमच्या पंचावन्न मिनिटांतली पंचवीस तिथंच गेली. घर ते आगार दहा मिनिटं धरा, हाती उरली वीस. भागाला हे जास्त सोयीचं आहे.

आता ती कंडक्टर का वाटत नाही ते. एक, तुमच्या संहितेत ती डबा द्यायला मधल्या थांब्यावर गाडी सोडून रिक्षानं शाळेत जाते. फेरी चालू असताना वाहक गाडी सोडत नाही. तिच्या गळ्यात रोकड आहे, हातात मशीन आहे. तिला जे काही करायचं ते बसस्थानकावर गाडी थांबते तेवढ्या वेळात, नाहीतर फोनवर. दोन, ती एका म्हातारीला दयेनं फुकट नेते. वाटेत तपासणी पथक चढलं आणि विनातिकीट माणूस सापडला तर प्रकरण वाहकावर येतं. दयेची गरजही नाही. ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं. तुमच्या पानावर बायका पूर्ण तिकीट काढताहेत, ते आधी बदला.

या सवलतींत विनोदाचं भांडार पडलंय. पाच वर्षांखालचं लेकरू फुकट, पाच ते बारा अर्धं. "अजून पाच पुरे व्हायचेत, बाई" हे भांडण जुनंच आहे, पण आता आईचं आणि सहा वर्षांच्या पोराचं तिकीट सारखंच निघतं आणि पोरगं म्हणतं, मग मी खिडकीत बसणार. पंचाहत्तरीचे म्हणवणारे आजोबा आधार कार्डावर त्र्याहत्तरचे निघतात. पुढं कधी उदगीर-बिदर मार्ग घेतलात तर महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. तिथून पुढचं पूर्ण भाडं समजावून सांगताना वाहकाची काय अवस्था होते, त्याचा स्वतंत्र भाग होईल.

ड्युटी संपल्यावर मशीनचा आकडा आणि रोकड जुळवून भरणा करावा लागतो. कमी पडले तर तिच्या खिशातून. म्हणून मंदा दिवसभर मनात बेरीज करत असते, आणि घरी ड्रम मोजतानाही तीच सवय निघते. हा तिचा स्वभाव म्हणून वापरा. घंटीचं लक्षात ठेवा: एक बेल थांब, दोन बेल चल. वाचनात तुमची मंदा गाडी थांबवायला दोनदा दोरी ओढत होती. एसटीवाल्यांनी तिथंच मान हलवली असणार.

आणखी एक मोठी चूक, रजेची. कायद्यानं प्रसूती रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे बाई कामावर येते तेव्हा लेकरू चार ते सहा महिन्यांचं असतं. दहा महिन्यांचं मूल आणि "नुकतीच रजा संपली" हे जुळत नाही. मुलगी पाच महिन्यांची करा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुटका देण्याची तरतूद कायद्यात आहे. आता ती सुटका धावत्या गाडीत कशी घ्यायची, हा मालिकेचा खरा प्रश्न आहे आणि तुम्ही त्याला हातच लावलेला नाही. बसस्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. निमआराम गाडीचं नावही हिरकणीच. लेकराला घेऊन आलेल्या प्रवासी बाईनं "हिरकणी कुठंय?" विचारलं आणि नियंत्रकानं फलाट नंबर सांगितला, हे मंदासमोर घडवा. रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी दूध विकायला गडावर आलेली कामकरी आईच होती, हे कुणाच्या तोंडी सांगू नका. लोकांना ठाऊक आहे.

गोदाकाठ (परभणी)

दोन बेल दादा, मुलगी पाच महिन्यांची केली. गाडी सोडून जाण्याचा प्रसंग काढला. आता भाषेचं कुणी सांगेल का? आम्ही सगळ्यांच्या तोंडी "आलोया, गेलोया, काय म्हंतोस रं" असं घातलंय.

मांजराकाठची बोली (लातूर)

तिथंच गडबड आहे. "आलोया, गेलोया" हे कोल्हापूर-साताऱ्याकडचं. पडद्यावर गावाकडचं म्हणून तेच चालतं, म्हणून लिहिणाऱ्याच्या हातातही तेच येतं. मराठवाड्याची एक बोली नाही, आणि फरक सगळ्यात आधी चालू क्रियेत दिसतो. लातूर, उदगीर, निलंगा पट्ट्यात "येऊलालो, करूलालीस, काय करूलालाव?" परभणी-बीडला "यायलो, करायलीस, काय करायलेत?" जालन्याकडं भोकरदनच्या बाजूला विदर्भाची झाक येते, "करून राहिला". मंदा परभणीची आहे, तिला "जायले, यायले, देयले" द्या. सासू लातूरकडची करा, तिच्या तोंडी "जाऊलालीस का?" येऊ द्या. दोघी एकाच घरात वेगळं बोलतात, नातवाला दोन्ही येतं आणि तो ज्याच्याकडून काम काढायचं त्याच्या बोलीत बोलतो. इथल्या कितीतरी घरांत असंच आहे.

बाकी शब्द थोडेच पण नेमके ठेवा. "का" ऐवजी "कामून", "माझं-तुझं" ऐवजी "मह्यं-तुह्यं", होकाराला "हौ". "माय" हा शब्द आईला, मुलीला आणि कळवळ्यालाही चालतो: "लै बेजार झाले माय." उर्दू-दखनीचा वास आपल्या बोलीत आहेच, तो मुद्दाम वाढवू नका. आणि मंदा प्रवाशांशी अशी बोलणार नाही. मशीन हातात आलं की ती "पुढं सरका, सुट्टे द्या" अशी सरळ बोलते, फोनवर सासूशी बोलताना बोली परत येते. बोली बदलणं हेच तिचं कामावर जाणं आहे, ते ऐकू आलं पाहिजे. पात्रं लिहून झाल्यावर त्या त्या तालुक्यातल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. जिथं त्याची जीभ अडखळेल तिथं वाक्य बदला, शब्द नको.

येसर आमटी (धाराशिव)

सासूचे टोमणे बोथट करू नका, एवढंच सांगायला आले. जात्यावरच्या ओव्यांत सासू, नणंद, नवरा कुणालाच सोडलेलं नाही, पण त्या ओव्या म्हणणारीचे हात दळत असायचे. तुमची गाडी जनाबाईंच्या गंगाखेडला जाते, हे लक्षात ठेवून लिहा. तुमच्या संहितेत सासू बाजेवर बसून बोलते, म्हणून तरण्या सुना हसल्या नाहीत. तोच टोमणा तिनं नातीला मांडीवर थोपटत, भाजी निवडत मारला तर दोन्ही पिढ्या हसतील. मंदाला उलट उत्तराची मुभा द्या. गोड हसून गिळणारी सून आता कुणाला खरी वाटत नाही.

खरा घोटाळा नवऱ्याचा आहे. तो पूर्ण भागात पेपर वाचतोय. बाई धावतेय म्हटलं की बघणारीच्या मनात पहिला प्रश्न "हा काय करतोय?" त्याला आळशी दाखवून हसवायचं हे फार शिळं झालंय. त्याला मोटरवर लावा. तो मनापासून लागतो आणि नळाला पाणी यायच्या आधीच घाईनं टिल्लू चालू करतो. मोटर कोरडी फिरते, हवा धरते, गरम होऊन वास येतो, सील जातं. मग बादल्या. आता हसू काम करणाऱ्या माणसावर आहे, आणि वेळही कमी झाला. मार्च-एप्रिलात मोंढ्यात हरभऱ्याची, हळदीची आवक असते, सौदे दिवस वर आल्यावर होतात, त्यामुळं पहाटे तो घरी असणं खोटं वाटणार नाही. दसरा-दिवाळीचा भाग लिहाल तेव्हा मात्र सोयाबीनमुळं त्याला घरी दाखवू नका.

डब्याबद्दल एक. ठेचा आठ वर्षांच्या पोराला रडवेल. शेंगदाण्याची चटणी करा. भाकरी-चटणी तो दोस्तांत वाटून संपवतो, आणि घरी येऊन "उद्या पण हाच डबा दे" म्हणतो. मंदाला उद्या एक पोळी कमी लाटावी लागेल.

संहितेची कात्री (छत्रपती संभाजीनगर)

येसर ताई, चटणी मान्य. चिठ्ठीवाली पोळीही तशीच राहू दे. नवऱ्याचं तुमचं बरोबर आहे, मी मंदाकडंच बघत राहिले.

जुना पडदा (नांदेड)

दोन टोकांच्या प्रतिक्रियांनी घाबरू नका, या विषयाला त्या पहिल्यापासून आहेत. अमेरिकेत १९६८ ला 'ज्युलिया' ही विनोदी मालिका आली. नायिका विधवा परिचारिका, एकटीनं मुलगा वाढवणारी, भूमिका डायहॅन कॅरोल यांची. कृष्णवर्णीय बाई मोलकरीण नसून शिकलेली नोकरदार दाखवली म्हणून कौतुक झालं, आणि तिचं घर-जगणं फार गुळगुळीत, घरात बाप नाही, म्हणून टीकाही. १९९२ ला 'मर्फी ब्राउन'मधल्या पत्रकार बाईनं लग्नाशिवाय मूल वाढवायचं ठरवलं, तर खुद्द उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी भाषणात तिच्यावर टीका केली. दोन्हीकडं वाद बाईनं काय करावं यावर झाला. १९८८ च्या 'रोझॅन'मध्ये आई सुरुवातीला प्लॅस्टिकच्या कारखान्यात कामाला होती, घर पसरलेलं, पैशाची ओढाताण उघडी. तिथं लोक आधी घर ओळखत होते. तुमच्यासाठी त्यातलं घेण्यासारखं एकच: मंदाचं घर आवरू नका. ओट्यावर पसारा, दोरीवर दुपटी, कोपऱ्यात ड्रम. कलादिग्दर्शकाला हे लिहून द्या, नाहीतर तो पडदे लावून ठेवतो.

ध्वनी आधी (जालना)

गाडीतल्या प्रसंगांचं थोडक्यात. महामंडळाकडं अर्ज करून, भाडं भरून गाडी मिळते, चालत्या फेरीत शूटिंग होत नाही. संवाद इंजिन बंद ठेवून, उभ्या गाडीत घ्या. इंजिन, दार आपटणं, खिडकीच्या काचांचा खडखड आणि दोन बेल हे आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करून नंतर मिसळा. डिझेल इंजिनावर घेतलेला संवाद पुढं कितीही साफ केला तरी विनोदाचा शेवटचा शब्द दबतो, आणि तोच शब्द ऐकू यायला हवा असतो. गाडी डोलते हे दाखवायला चौघांनी बाहेरून ढकलत राहायचं, माणसं एका लयीत हलली पाहिजेत. आसनांमधल्या वाटेत एकच कॅमेरा बसतो. आधी पुढं तोंड असलेले सगळे शॉट संपवा, मग मागं वळा, नाहीतर खिडकीतलं ऊन दर वाक्याला बदलतं. एप्रिलात पत्रा तापतो, अकराच्या आत आवरा.

टेपवरचा हशा लावू नका. प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रित करण्याची पद्धत 'आय लव्ह लुसी' या अमेरिकी मालिकेनं १९५१ ला रूढ केली, ती घराच्या सेटवर जमते. तुमचा निम्मा भाग गाडीत आहे. घरात हशा आणि गाडीत शांतता असं झालं तर गाडीतले प्रसंग पडल्यासारखे वाटतील.

गोदाकाठ (परभणी)

फार मोलाचं मिळालं. आता क्रम असा लावलाय. पाचच्या आधीच मोटर कोरडी फिरून जळते. पाच वाजता तीन डबे, लाईट जाते. सव्वापाचला नळ. बादल्यांची रांग, सासू नातीला घेऊन हिशोब सांगते. ५:३५ ला मंदा निघते, एक ड्रम भरलेला, टाकी रिकामी. गाडीत आधार कार्डाचे आजोबा आणि खिडकीवाला पोरगा. मोंढ्यात चिठ्ठीची पोळी. शाळेत चटणीची वाटणी. गंगाखेड स्थानकावर हिरकणीचा घोळ. भरणा करताना दहा रुपये कमी. घरी गोधड्या.

एक अडलंय. पाच महिन्यांच्या मुलीचं सकाळचं दूध कसं दाखवायचं? सासू बाटलीनं पावडरचं पाजते असं लिहिलं होतं, गटातल्या दोघींनी हरकत घेतली.

दोन बेल (बीड)

हरकत बरोबर आहे. पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध. मंदा निघायच्या आधी पाजते आणि पहाटे काढलेलं दूध झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवून जाते. साध्या खोलीत ते चारेक तास टिकतं, एप्रिलच्या उन्हात तेवढाही भरवसा नको, फ्रीजमध्ये ठेवायचं. सासू वाटी-चमच्यानं पाजते. आणि तुमच्या कथेत लाईट गेलेली आहे. म्हणजे फ्रीज बंद. मंदाचा गंगाखेडहून पहिला फोन डब्याचा नसणार, "लाईट आली का?" हाच असणार. सासू म्हणेल, "मी माठाशेजारी ओल्या फडक्यात ठिवलंय, तू तुही गाडी बघ." मागून दोन बेल.

मांजराकाठची बोली (लातूर)

सासू लातूरची केली असेल तर "तू तुजी गाडी बघ". तेवढं बदला.